नागसेन ताकसांडेची डॉक्टरकी

नाचणगावात नागसेन ताकसांडेला लोक डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ आहे. सकाळी पुलगावहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परतायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पन्नाशी ओलांडली, कानशिलं पांढरी झाली, पण त्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नाही.

ही पदवी त्याला कुणी ठरवून दिली नव्हती. नोकरी लागली तेव्हा शेजारणी त्याच्या आईला विचारायच्या, पोरगा काय करतो म्हणून. आई सांगायची, मोठ्या दवाखान्यात मशीनवर पाह्यते, कोनाले काय झालं ते. तेवढ्यावर गावाने त्याला डॉक्टर करून टाकलं. सुरुवातीला नागसेन दुरुस्ती करायचा. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्यात डॉक्टरसाहेब म्हणायचा. मग तो दुरुस्ती सोडून नुसता हसू लागला. कोरोनाच्या काळात त्याने बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरोघर फिरवलं, कुणाला केव्हा दवाखान्यात न्यायचं ते सांगितलं, काहींना खाटा मिळवून दिल्या. त्यानंतर त्याचं हसणंही थांबलं. कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की तो सरळ 'बोला' म्हणायचा.

सकाळी त्याच्या ओट्यावर माणसं बसलेली असत. कुणाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट, कुणाकडे सोनोग्राफीची पिशवी. त्यात काय लिहिलंय ते तो साध्या भाषेत समजावून द्यायचा आणि पुढे कुणाकडे जायचं तेही सांगायचा. इथपर्यंत त्यात वावगं काही नव्हतं. बायको सरिता चहा आणताना मात्र टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही.

"पाटी करून आनू का दारावर लावाले? खाली लिहू, चपला बाहेर काढा."

नागसेन ऐकलं न ऐकलंसं करायचा.

त्याचं खरं काम निराळं होतं आणि त्यात त्याचा हात धरणारं विभागात कुणी नव्हतं. माणसाच्या गाठीतून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर घेतात आणि गुलाबी-निळ्या रंगात रंगवतात. बहुतेक वेळा डॉक्टरांना तेवढ्यावर निदान करता येतं. पण काही गाठींत नुसत्या गोल, निळ्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. त्या कोण, कुठल्या, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. तिथे नागसेनची पाळी यायची.

फ्रिजमध्ये त्याच्या छोट्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकीत एकेक अँटीबॉडी. प्रत्येक अँटीबॉडी एकच खूण ओळखते. ती खूण ज्या पेशीवर असेल तिलाच जाऊन चिकटते, बाकीच्यांकडे बघतही नाही. जिथे चिकटली तिथे नंतर तपकिरी रंग चढवता येतो. त्याआधी काचपट्ट्या प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनमुळे झाकल्या गेलेल्या खुणा उघड्या पडाव्यात म्हणून. कुकर घाईने थंड केला, बाटलीतला थेंब कमी पडला, धुण्यात हयगय झाली, तर पट्टी खोटं बोलते. म्हणून नागसेन प्रत्येक पट्टीच्या कडेला टॉन्सिलचा एक काप लावायचा. टॉन्सिलमध्ये कुठल्या पेशी कुठे बसतात हे ठरलेलं असतं. तिथे रंग जिथल्या तिथे चढला, तरच शेजारच्या अनोळखी तुकड्यावर विश्वास ठेवायचा. नव्याने शिकायला आलेल्यांना तो हे पहिल्याच दिवशी बजावायचा. हातात असलेली गोष्ट तपासल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्याचा तिथला नियम होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर तो नियम कसा सुटला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात वंदना झाली, मग अंगणात पंगती बसल्या. जेवणं आटोपून माणसं सतरंजीवर गप्पा मारत होती. मनकर्णाबाई थूल नागसेनजवळ येऊन टेकल्या. त्या त्याच्या आईच्या जोडीदारीण. दोघींनी मिळून जन्मभर कापूस वेचला होता. आई गेल्यावर नागसेनच्या घरी पहिली भाकर मनकर्णाबाईंच्या चुलीवरची आली होती. त्यांनी मानेवरचा पदर बाजूला केला. कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. पुलगावच्या दवाखान्यात दाखवली, तिथल्या डॉक्टरणीने मोठ्या दवाखान्यात जाऊन तुकडा काढून घ्यायला सांगितलं, असं त्या म्हणाल्या. आता कापूस फुटून राह्यला, कवा जाऊ? तूच पाहून सांग.

आजूबाजूच्या गप्पा थांबल्या. सगळे नागसेनकडे बघू लागले. त्याने विभागात डॉक्टरांना पाहिलं होतं तसंच केलं. दोन बोटं गाठीवर ठेवली, हलकेच फिरवली, डोळे किंचित मिटले.

"दुखते का?"

"नाई बा."

"दुखत नाई ना? मंग भ्याचं काम नाई. साधी गाठ हाये, जिरून जाईन."

मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला. कुणीतरी म्हणालं, पाहा, डॉक्टर घरचा असला म्हणजे असं असते. नागसेनने हात धुवायला पाणी मागितलं. ते एका बाईने लगबगीने आणून त्याच्या हातावर घातलं.

न दुखणारी गाठ जास्त भिववणारी असते, हे नागसेनला ठाऊक होतं. मास्तर मुलांना पाढे म्हणायला लावतात तसं विभागातल्या डॉक्टर सुरभी मॅडमना ते विद्यार्थ्यांना सांगताना त्याने कितीदा तरी ऐकलं होतं. घरी चालत जाताना ते वाक्य त्याला आठवलंही. पण 'एकदा तपासून घे' हे काय, कुणीही सांगतं. पुलगावच्या डॉक्टरणीनेही तेच सांगितलं होतं. तेवढी माणसं समोर बसलेली असताना त्याला त्यापेक्षा काहीतरी जास्त सांगायचं होतं. सकाळी मनकर्णामावशीला गाठून सांगू, असं त्याने ठरवलं. सकाळी ओट्यावर दुसरी माणसं होती, मग गाडीची वेळ झाली. पुढे ते राहूनच गेलं.

कापसाचा हंगाम सरत आला तेव्हा एका दुपारी सुरभी मॅडमनी एक ठोकळा नागसेनच्या टेबलावर ठेवला. मानेची गाठ आहे, मॅडम म्हणाल्या, नुसत्या रंगात कळत नाही. जंतूंमुळे सुजलेली असेल नाहीतर लिम्फोमा, म्हणजे त्या गाठींचाच कॅन्सर. तुमच्या बाटल्यांतले मार्कर लावा. नागसेनने ठोकळ्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला. कागदावर नाव होतं मनकर्णा थूल, राहणार नाचणगाव.

मनकर्णाबाईंची सून जागृती हिने त्यांना आणलं होतं, हे त्याला नंतर कळलं. गाठ पदराआड लपेना, ताप येऊ लागला, वजन उतरलं, तेव्हा जागृतीने सासूचं काही चालू दिलं नव्हतं.

नागसेनने काप काढले. शरीरात रोगाशी झुंजणाऱ्या पेशींच्या दोन मोठ्या जाती आहेत. बी आणि टी. निरोगी किंवा नुसत्या सुजलेल्या गाठीत त्या आपापल्या मोहल्ल्यात राहतात. बी पेशींचे गोल गोल पुंजके आणि टी पेशी त्यांच्या मधल्या जागेत. एक बाटली बी पेशींना रंग देते, दुसरी टी पेशींना. नागसेनने दोन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर लावल्या. संध्याकाळी बी पेशींची पट्टी मायक्रोस्कोपखाली धरली आणि त्याचा हात फोकसच्या चाकावरच थांबला. पुंजके कुठेच नव्हते. या कडेपासून त्या कडेपर्यंत बी पेशीच बी पेशी, मोठाल्या, बेढब. सगळं क्षेत्र तपकिरी. दुसऱ्या पट्टीवर टी पेशी कुठे कुठे, चुकलेल्या पाहुण्यासारख्या.

आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम चुकलेलं असावं असं त्याला वाटलं. थेंब जास्त पडला असेल. रंग जास्त वेळ राहिला असेल. त्याने कडेचा टॉन्सिल पाहिला. तिथे पुंजके जिथल्या तिथे, गोल, सुबक, चित्रात काढल्यासारखे होते. ज्या कामाचा त्याला अभिमान, त्याच कामाने त्याला पळवाट ठेवली नव्हती.

तरीही त्याने मॅडमना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवे काप काढले, नवी बाटली फोडली, कुकरपाशी स्वतः उभा राहिला. पुन्हा तेच दिसलं. दोन्ही वेळच्या पट्ट्या त्याने मॅडमपुढे ठेवल्या.

"दोनदा का केलं?" मॅडमनी विचारलं.

"खात्री करावी म्हणून."

"टॉन्सिलचा कंट्रोल तर पहिल्या वेळीच सुरेख आलाय." त्यांनी डोळा मायक्रोस्कोपला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, लिम्फोमाच आहे. बी पेशींचा आहे हे एका परीने बरं, कारण याच खुणेला जाऊन धरणारं औषध आहे. लवकर सुरू केलं तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. पण हे लवकर कुठलं आता. मग त्या चिडून बोलल्या.

"सून सांगत होती, गावातल्या कोणा डॉक्टरने हात लावून बघितलं आणि साधी गाठ आहे म्हणाला. म्हणून म्हातारी चार महिने घरी बसली. ताकसांडे, तुमच्याच गावची ना ती? कोण आहे हा माणूस?"

नागसेन पट्ट्या ट्रेमध्ये लावत होता. लावलेली पट्टी त्याने काढली आणि पुन्हा लावली.

"असतात मॅडम, खेड्यात कोणी कोणी."

"असल्यांना आत टाकायला पाहिजे."

"हो," नागसेन म्हणाला.

घरी गेल्यावर तो जेवला नाही. सरिताने विचारलं तेव्हा पोट बिघडल्याचं सांगितलं. सकाळी ओट्यावर एक माणूस मुलाचा एक्स-रे घेऊन बसला होता. नागसेन मागच्या दाराने निघाला आणि शेतातल्या वाटेने स्टेशनवर गेला. पुढचे काही दिवस तो मागच्याच दाराने गेला. सरिता सगळं पाहत होती. पण या वेळी तिने टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

रिपोर्ट तयार झाला, तो न्यायला मात्र कुणी आलं नाही. ठरलेला दिवस टळून गेला. मॅडमनी फोन लावला. जागृती रडकुंडीला येऊन म्हणाली, आई ऐकतच नाहीत. म्हणतात, तुकडा काढला तेवढा बस, आमच्या डॉक्टरने जिरून जाईल म्हणून सांगितलंय. मॅडमनी फोन ठेवला आणि नागसेनला बोलावलं. तुम्ही गावचे आहात, तुमचं ऐकतील, काहीही करून त्यांना घेऊन या, उशीर झाला तर औषधाचाही उपयोग व्हायचा नाही.

त्या संध्याकाळी तो मनकर्णाबाईंच्या घरी गेला. त्या अंगणात खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. गाठ आता पदराबाहेर आली होती आणि मान एका बाजूला कलली होती. जागृतीने खुर्ची आणली. नागसेन खुर्चीवर न बसता खाटेशी जमिनीवर बसला.

"डॉक्टर, खाली काऊन बसले?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मावशी, मी डॉक्टर नाई."

त्या हसल्या. "थे माईत हाये मले. तुह्या मायनं तवाच सांगतलं होतं, मशीनवर हाये म्हून."

 इतके दिवस ज्या गोष्टीसाठी नागसेन मागच्या दाराने ये-जा करत होता, ती या बाईला पहिल्यापासून ठाऊक होती.

"मंग माहं काऊन आयकलं?"

"डॉक्टर म्हून नाई आयकलं. तू रोज तेच पाह्यतं ना. गाठीच गाठी. म्हनलं, याले माईत असन."

 डॉक्टर नसताना डॉक्टर म्हणवून घेतलं, याची लाज तो इतके दिवस उराशी बाळगत होता. पण मावशीने विचारलं होतं ते डॉक्टरला नाही. त्याला स्वतःला, त्याला जे ठाऊक होतं त्याला विचारलं होतं, आणि त्याला ते खरोखर ठाऊक होतं. जाणत असून त्याने उलटं सांगितलं, चार माणसांत शोभावं म्हणून.

तो हळू आवाजात सांगू लागला. गाठ साधी नाही, रोग मोठा आहे, पण त्यावर औषध आहे, सोमवारी सुरू करायला हवं. मनकर्णाबाईंनी सोलणं थांबवलं नाही.

"तवा बी तूच म्हनला. आता बी तूच म्हनून राह्यला. मी कोनतं खरं धरू?"

"आताचं."

"काऊन?"

जागृती दारात उभी राहून ऐकत होती. नागसेनने घाट्यांचं टरफल हातात घेतलं, ठेवलं. मग म्हणाला, मावशी, वर्ध्याच्या बसस्टँडवर गर्दी आहे असं समज. सगळ्यांचे पांढरे सदरे. त्यात नाचणगावचे कोण, ते तुला लांबून सांगता येईल का? नाही. पण नाचणगावच्याच एका माणसाला रंगाचा डबा देऊन सोडला, आणि सांगितलं की आपल्या गावचा दिसला की त्याच्या पाठीला रंग फास, तर मग लांबूनही दिसतं. माझ्या बाटल्यांत तसली ओळख पटवणारी औषधं असतात. त्या दिवशी विहारात मी नुसतं बोटांनी सांगितलं. आता रंग लावून पाहिलं.

"अन् रंगवनारा चुकला तं?"

"चुकते कधी कधी. म्हून कडेले दुसऱ्या मानसाचा तुकडा ठेवतो, ज्याचं सारं माईत हाये असा. तो बरोबर आला तं आपलं बरोबर."

"आलता?"

"आलता. तरी मी दोनदा केलं, मावशी."

मनकर्णाबाईंचे हात थांबले. "दोनदा कायले?"

"चुकलं असन म्हून. चुकलं असावं असं वाटत होतं."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.  टरफलं वाऱ्याने अंगणात पसरली तशी जागृती झाडू घ्यायला आत गेली.

"मले दाखवशीन का थो रंग?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "पाहून घेतो एकदा. मंग सुई लावा का काय लावाचं थे."

सोमवारी जागृती आणि नागसेन त्यांना घेऊन गेले. कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटण्याआधी नागसेनने त्यांना विभागात आणलं. सुरभी मॅडमना त्याने विचारूनच ठेवलं होतं. मॅडमनाही त्याचं कौतुक वाटलं होतं, कारण आपला तुकडा बघायला असं कुणी येत नाही. शिकवण्यासाठी दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. मनकर्णाबाईंना उंच स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे, यात थोडा वेळ गेला. मॅडमनी आधी टॉन्सिल दाखवला, मग पट्टी सरकवली.

मनकर्णाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"पऱ्हाटीवर लाल्या पडते तसं दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "एक झाड सुटलं नाई."

मॅडमना लाल्या माहीत नव्हता. जागृतीने सांगितलं, कपाशीचा रोग आहे, पानं लाल होऊन गळतात. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच, आणि यावर फवारणीही आहे. मनकर्णाबाई हसल्या. त्यांना हसताना पाहून मॅडमचा राग मात्र पुन्हा वर आला.

"आजी, इतके दिवस का थांबलात? तो तुमच्या गावातला डॉक्टर कोण? नाव सांगा मला."

नागसेन मायक्रोस्कोपच्या पलीकडे उभा होता. जागृतीने झटकन मान खाली घातली.  हेच विचारलं जाणार, हे नागसेनला माहीत होतं. गाडीत येताना तो उत्तराची जुळवाजुळव करत होता. मॅडम, तो माणूस मीच. तेवढे चारच शब्द.

मनकर्णाबाईंनी डोळ्यांवरून पदर फिरवला.

"डॉक्टर कुठचा बाई आमच्या गावात. मीच थांबली. कापूस वेचाचा होता. घरी कोनी बोललं का असंच काहीतरी सांगतो आपन."

"पण तुमची सून म्हणत होती..."

"तिले मीच तसं सांगतलं होतं. नाईतं तिनं तवाच ओढत आनलं असतं."

मॅडमनी जागृतीकडे पाहिलं. जागृतीने हातातले कागद सारखे केले. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि पट्टी काढली. म्हणाल्या, तुम्ही बायका आधी शेताचं बघता, मग पोराबाळांचं, जीव शेवटी. असो. आलात हे बरं केलं. ताकसांडे, यांना खाली कॅन्सरच्या डॉक्टरांकडे सोडून या.

चार शब्द नागसेनच्या तोंडापर्यंत आले होते. त्याने तोंड उघडलंही. मॅडम तोवर दुसऱ्या पट्टीकडे वळल्या होत्या, आणि मनकर्णाबाई स्टुलावरून उतरायला हात पुढे करत होत्या. त्याने तो हात धरला. शब्द आतच राहिले. ते कुणी अडवले नव्हते, हे तो पुरतं जाणून होता.

जागृती कागद घेऊन पुढे गेली. ती त्याच्याकडे न बघता गेली. खाली जायचा उतार लांबलचक होता. मनकर्णाबाईंची चाल मंद होती. धाप लागली की त्या थांबायच्या. पहिल्या वळणावर त्या थांबल्या तेव्हा नागसेन म्हणाला, "मावशी, तू काऊन खोटं बोलली? मीच सांगनार होतो."

"सांगतलं असतं का?"

 मनकर्णाबाईंनी श्वास घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. कापसाचं ओझं कसं वाटून घ्यायचं हे सांगताना त्या जशा बोलायच्या, तसंच बोलल्या.

"मले आता इथं येत राहा लागन. दर खेपेले तूच राह्यशीन ना संग? तुही नोकरी गेली तं मले कोन आननार? म्हून बोलली. तुह्यासाठी नाई."

वरून कुणीतरी स्ट्रेचर आणत होतं. नागसेनने त्यांना भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्ट्रेचर जाऊ दिलं. त्यांचा दंड त्याच्या मुठीत मावत होता, इतका बारीक झाला होता.

"चाल," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उतारावर पाय सटकते. नीट धर."